श्वास धरा

ग्रिम्सबी. हॉस्पिटलचा तळमजला, खोली क्रमांक दोन.
शिशाचा एप्रन चढवला की
माझा डावाच खांदा दुखतो, का कोण जाणे.

टेबलावर थर्केलकाका. चाळीस वर्षं
समुद्रावर कॉड पकडला,
आता स्वतःच ओल्या हळदीसारखे पिवळे.
(काका मनात. तोंडाने मिस्टर.)

डॉक्टर बेव्हनची सुई बरगड्यांच्या फटीतून आत.
पडद्यावर काही नाही. अजून काही नाही.
मग डाय पसरतो
आणि यकृतात उगवतं झाड,
पानगळ उरकलेलं.

"श्वास घ्या. धरा."
मीही धरते. डॉक्टरही. दाराशी मॉरीनसुद्धा.
तार वळते, अडते,
गाठीपाशी घुटमळते, माघार घेते,
पुन्हा
सरकली!

टक टक. टेबलाच्या कडेवर
थर्केलांचं बोट.
अगंबाई, "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं.

"सोडा, काका, सोडा!"
मोठ्याने. मराठीत.

त्यांनी सोडला.
जरा वेळाने नळीनेही:
गडद, शेवाळी, थेंब थेंब, मग धार.
मॉरीनने पिशवी उजेडात धरली,
दुभत्या गाईची चरवी पाहावी तशी पाहिली
आणि वेळ लिहिली. अकरा सतरा.