दोनशे चौदा

शिक्का द्यायचा तर मी आधी कोठार हुंगतो,
मग पावत्या, पोती,
उंदरांनी सांडलेला दाणा.
नेब्रास्कात फेब्रुवारी. गवत
फक्त फॉर्मवर हिरवं.

व्हर्ना ह्रुस्काने गंजीत कोपरापर्यंत हात घातला,
मूठभर वाळकं माझ्या नाकाशी धरलं.
जूनचं ऊन अजून होतं त्यात.

रकाने भरले. सही उरली.
तेव्हा ती म्हणाली, "दोनशे चौदा खोडा.
हिमवादळात सापडली होती, पाय धरेना.
अकरा दिवस शेजाऱ्याचा मका चारला, रात्रीचा.
कुणी पाहिलं नाही."

आकडा खोडला. पेन गारठलेलं,
रेघ दोनदा ओढावी लागली.

उरलेल्या एकसष्ट जनावरांसाठी
मी सही केली
त्या रेघेच्या भरवशावर.