पापणीला दोन्ही भाषा कळतात

लुमाण्णाला खानापुरात आणलं तेव्हा पहाटेचे साडेतीन.
कौलांच्या कारखान्यातली तांबडी माती
अजून पायाला तशीच.
भट्टीच्या उबेला जमिनीवर निजलेला.
दंशाची खूण नाही, सूज नाही,
आधी पोटात कळ, मग जीभ जड.
"घेऊन पडला असंल," वॉर्डबॉय म्हणाला.
मी पापण्या बघितल्या.
मण्यार चावते ती तिथंच दिसते.

डॉक्टर मगदूम म्हणाल्या, डोळे उघड.
मग म्हणाल्या, कण्ण तेगी.
त्यानं कपाळाला आठ्या घातल्या,
गंजलेलं शटर दोघांनी मिळून ओढावं
तशी ओढली पापणी कपाळानं.
थोड्या वेळानं कपाळही सपाट झालं.

शिकताना सरांनी फळ्यावर काढलं होतं :
इकडं नस, तिकडं स्नायू, मधे एक फट,
केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी.
नसेतून निरोप्या निघतो,
ॲसिटिलकोलिन त्याचं नाव,
फट ओलांडतो, पलीकडच्या खुर्चीत क्षणभर टेकतो,
स्नायू आकसतो,
आणि निरोप्याला तिथंच मोडून टाकतात.
खुर्चीचं नाव लिहून घ्या, सर म्हणाले,
निकोटिनिक रिसेप्टर.
मी निपाणीची. वर्गात एकटीच हसले.

आईनं तीस वर्षं वखारीत तंबाखू चाळली.
ओल्या पानांच्या दिवसांत तिला भोवळ यायची,
उलट्या, हात थरथर,
आणि घरात कुणी विचारलं तर, "पान लागलं."
तिला सांगितलं, आई, माणसाच्या अंगात
स्नायूस्नायूला जी खुर्ची आहे
तिला तुझ्या धुळीचं नाव आहे.
ती म्हणाली, मग भाडं कोण देतंय?

त्या खुर्चीत कुणीही बसतं, हाच तर घोळ.
ऑपरेशनच्या टेबलावर रोज मीच बसवते,
ॲट्राक्युरियम, बोलत नाही, उठत नाही,
निरोप्या येतो आणि उभ्यानं परत जातो.
काम झालं की निऑस्टिग्मिन :
मोडणाऱ्याचे हात बांधले
की निरोप्यांची दाटी होते, खुर्ची सुटते,
पेशंट खोकतो. त्या खोकल्याचा मला पगार आहे.

पण मण्यार नुसती खुर्ची अडवत नाही.
ती फट उलटी ओलांडते
आणि निरोप्यांचं घरच जाळते.
प्रतिविष चढवलं. ॲट्रोपिन, निऑस्टिग्मिन.
डावी पापणी तांदळाएवढी उचलली.
पडली.
हात कुणाचे बांधणार,
मोडायलाच कुणी येत नव्हतं.

घशात नळी. व्हेंटिलेटर बेळगावला.
सव्वीस किलोमीटर मी फुगा दाबला.
काचेबाहेर पाट्या जात होत्या,
एक या लिपीत, एक त्या,
एकीवर काळं फासलेलं, त्यामुळे कुठलं गाव ते कळलं नाही.
धाकटा भाऊ मष्णू पायाशी बसून एकच विचारत होता,
"दादा, ऐकूलायस न्हवं?"
बाहुल्या थिजलेल्या. नखावर पेन दाबलं तरी बोट हललं नाही.
नवशिक्या कुणी असता तर चादर ओढली असती तोंडावर.
मी मोठ्यानं मोजत राहिले,
त्याच्यासाठी की माझ्यासाठी, ठाऊक नाही.

नवव्या दिवशी अंगठा हलला.
घरं पुन्हा बांधायला वेळ लागतो,
त्यावर औषध नाही, वीज मात्र गेली नाही पाहिजे.

महिन्यानं तो आला, हातात काजूची पिशवी.
म्हणाला, सगळं ऐकलं मी.
मेलाय म्हणणारा कोण, तेबी ठावं हाय.
आणि सिस्टर, गाडीत तुमी मोजत हुता.
चौदावर थांबला.

थांबले होते. घाटाच्या वळणावर नाही,
सरळ रस्त्यावर, नुसती डुलकी,
कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग पुढचं मी म्हटलं, आतल्या आत.
हदिनैदु.
कौलं आमी कन्नडातच मोजतो."