बुधवारची पेटी

बुधवारी पहाटे मी खोगीर आवळतो
आणि निळी पेटी मागे बांधतो.
आत अकरा डब्या, बर्फाच्या चार थंड विटा,
अकरा माणसांचा पहाटेचा बेडका,
प्रत्येक झाकणावर नर्स माम्फोचं तिरपं अक्षर.
घोडीचं नाव खुत्ला.
आमच्या सेसोथोत त्याचा अर्थ, परत ये.
वडिलांनी ठेवलेलं. ते हाक मारायचे तेव्हा
घोडीकडे बघत नसत, खाणीच्या रस्त्याकडे बघत.

मोठा दवाखाना सहा तासांवर.
नदी उतरलेली असेल तर सहा.
चढलेली असेल तर विचारायचं नाही.
खिंडीत बर्फ असेल तर माझ्या भावाला विचारा,
त्याला ठाऊक आहे
बिजागरीतून काढलेल्या दारावर
बाळंतीण घालून चौघांनी किती चालता येतं,
आणि कितव्या तासाला
दारावरचं कण्हणं थांबतं.

पेटी हिंदकळू देऊ नकोस, माम्फो म्हणते.
मी म्हणतो, ते घोडीला सांग.
ती हसत नाही. तिच्याकडे एक खोली,
एक वजनकाटा, गॅसवरचा फ्रिज
आणि दोनशे चाळीस घरं.

सातव्या डबीवर सेखोन्याना.
बावीस वर्षं सीमेपलीकडे, सोन्याच्या खाणीत.
येताना त्यानं आणलं एक रेडिओ,
छपराचे सहा पत्रे, एक लाल कांबळं
आणि छातीत इतकी दगडाची भुकटी
की तो खोकला की वाटायचं
आत कुणीतरी अजून खणतंय.
सोनं त्यानं एकदाच नीट पाहिलं,
परतीच्या बसमध्ये, शेजारणीच्या दातात.

वाटेत पर्यटक भेटतात.
त्यांना डोंगर जवळूनही साजरे दिसतात.
पेटीत काय, चीज का, एकीनं विचारलं.
मी म्हणालो, हो. थंडच ठेवावं लागतं.

दोन आठवड्यांनी निकाल. तेही मीच आणतो,
कोटाच्या आतल्या खिशात, अकरा घड्या.
सातव्या कागदावर लिहिलं होतं:
जंतू आढळले. औषध लगेच सुरू करावे.
सेखोन्यानाला मंगळवारी पुरलं होतं,
मेंढवाड्यामागे, कांबळ्यासकट.

उंबऱ्यात मी टोपी काढून उभा.
अशा वेळी कागद कुणाला द्यायचा
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
मासेआबातानं तो माझ्या हातातून घेतला,
उलटसुलट केला,
‘लगेच’वर बोट ठेवून विचारलं,
हे कधी लिहिलं?
मी तारीख वाचली.
त्या दिवशी तो उन्हात बसला होता, ती म्हणाली.
लापशी मागितली होती. साखर जास्त घालून.

मग ती आत गेली. भांडी वाजली.
भांड्यांच्या आवाजाखाली दडपलेला
दुसरा एक आवाज आला,
तो मी भिंतीपलीकडूनही ओळखतो.
काही बोललो नाही. बाहेर जाऊन
खोगिराच्या पिशवीतली रिकामी डबी आणली,
चुलीशेजारच्या दगडावर ठेवली.
तिनं डबीकडे पाहिलं, मग दारातून घोडीकडे.
म्हणाली, वाटलंच मला, तुला ऐकू जाणार.
आणि जरा वेळानं,
पहाटेचाच लागतो ना?

आज बुधवार. खिंडीत ढग उतरलेत.
झाकणावर नाव मीच लिहिलंय,
लगाम धरणाऱ्या हाताचं अक्षर,
माम्फोला लावता आलं तर बरं.
बर्फात ठेवण्याआधी
डबी क्षणभर मुठीत धरली.
कोमट होती.

चल, खुत्ला.