पडला की पाडला

वाळपईच्या सोसायटीत मार्च ते मे मी काजू तोलते.
काट्याशी माझं भांडण नाही. तो स्थिर होईपर्यंत
हात मागे घ्यायचा, श्वाससुद्धा दूर सोडायचा,
एवढंच शिकले चौदा हंगामांत.

त्याच काट्यावर सोमवारी प्रज्योतला उभा केला
चपला काढून, खिशातल्या गोट्या काढून:
बावीस किलो तीनशे.
"तीनशे जड झाला," रोहिदास म्हणाला,
"बावीसच्या गटात बसला असता."
सात वर्षांच्या पोराचे तीनशे ग्रॅम
कुठून काढायचे, मी विचारलं.
तो हसला. मग गप्प.
उत्तर नसलं की त्याचा हात
आपोआप जातो फुटलेल्या कानाकडे.

कान नवव्या वर्षीचा.
बेळगावच्या वाटेवरची कुठलीशी जत्रा, नारळाची कुस्ती,
बापाने खांद्यावरून थेट मातीत उतरवलेला.
नारळ जिंकला. घरी आणून फोडला तर नासका.
ही गोष्ट तो विनोद म्हणून सांगतो
आणि दर खेपेला नारळ थोडा मोठा होतो.

मी सगुण मास्तरांना विचारलं,
किती वर्षांचा झाला की उतरवायचा?
पंचायतीच्या हॉलात मास्तर मॅट पुसत होते,
फिनाईलचा वास, वर कबुतरं.
"कोलांट्या आजपासून. पडायला शिकणं आजपासून.
स्पर्धा म्हणाल तर..." त्यांनी फडकं पिळलं.
"घरी जाताना गाडीवर कोण बोलतं ते बघा,
पोर की पोराचा बाप."

फॉर्म आठ दिवस फ्रिजवर, चुंबकाखाली.
पालकाची सही: रिकामी.
आमच्या बागायतीत बोंडू कुणी ओढून काढत नाही,
पडला की वेचायचा.
हेच मी ठणकावून सांगणार होते,
पण त्याच सकाळी माकडांनी अर्धी रांग उतरवली,
कच्चं-पिकं न बघता.
म्हणजे थांबणाऱ्याचंही नेहमी खरं होतं असं नाही.

शेवटी त्यालाच विचारलं.
"तिथे लाल कपडे देतात की निळे?
मला निळे पाहिजेत."
याला उत्तर म्हणतात का, माहीत नाही.
मी सही केली.

फोंड्याच्या शाळेत त्याला लाल मिळाले.
निळ्यात होंड्याचा जोआव,
रोज याच्याच डब्यातलं खाणारा.
चाळीस सेकंद झाले असतील,
खांदा लागला, तोंडाला हात, शिट्टी,
आणि माझा पोरगा ओरडला, "म्हजो दांत!"
मग दोघंही गुडघ्यांवर,
कपाळाला कपाळ लावून मॅट चाचपतायत,
पंचसुद्धा वाकलेला.
सगळा हॉल हसत होता.
रोहिदास नाही.
जोआवला सापडला, स्वतःच्याच मोज्याच्या घडीत.
सुटे पैसे परत करावेत तसा
त्याने तो याच्या तळहातावर ठेवला.
मग दोघांनी पुन्हा पवित्रा घेतला
आणि माझा लेक दहा-शून्यने हरला.

स्कूटरवर तो आमच्या मधे.
खांडेपार, उसगाव, अंधार पडेपर्यंत
त्याचं तोंड चालू:
दात तीन दिवस हलत होता, मी जिभेने ढकलत होतो,
जोआवने पाडला नाही, आपणच पडला,
पंचाच्या मिशीला घाम होता, आई, तू पाहिलास?
होंड्याच्या वळणावर मात्र थांबला.
"बाबा, तू का बोलत नाहीस?"
रोहिदासने गियर बदलला.
चढ नव्हता तिथे.

रात्री दात कौलांवर फेकला.
दोनदा घरंगळून परत आला.
तिसऱ्यांदा राहिला,
की पन्हळीत अडकला, दिसलं नाही.
पुढचा फॉर्म ऑगस्टात येतो म्हणे.