कडता

सांगलीच्या मार्केट यार्डात बत्तीस वर्षं
मी हळद तोलतो.
तळहात धुतले तरी पिवळे,
नखांच्या कडा तर आता जन्माच्याच.
प्रभुभोजनाला भाकर घेतो
तेव्हा पांढऱ्या तुकड्यावर अंगठा उमटतो.
नवे पाळक एकदा हळूच म्हणाले,
हातमोजे घालता का कामावर?
म्हटलं, मोज्यातून पोतं कळत नाही.

खंडेनवमीला दुकानात काट्याची पूजा असते.
सगळ्यांच्या आधी येऊन
तेलाच्या चिंधीनं काटा मीच पुसतो.
आरतीला बाजूला उभा राहतो,
हात जोडत नाही, तोंडही वाकडं करत नाही.
पेढा दिला की खातो.
नव्या पोऱ्यानं विचारलं,
"मामा, तुमचं काय येगळं हाय व्हय?"
"होय, मी ख्रिस्ती आहे. आता ते पोतं धर."
एवढंच.
याहून मोठा आवाज मला यार्डात कधी लागला नाही,
याहून लहान कधी केला नाही.

मंडळीत मात्र मोठा व्हायचा.
साक्षीची वेळ आली की मी उभा:
"माझ्या काट्याला खोटं माहीत नाही!"
मागच्या बाकावर सुलभा पदराचं टोक
बोटाला गुंडाळत खाली बघायची.
घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणायची,
"काट्याची साक्ष काट्याला देऊ द्या."

मार्चअखेर. सौद्याची घाई.
बेडगच्या गोदाक्काची सतरा पोती.
बारदानाचा कडता पोत्यामागं एक किलो,
तो मी तोलतानाच वजा केला
आणि आकड्याशेजारी 'निव्वळ' लिहायचं विसरलो.
दिवाणजींनी पट्टी करताना पुन्हा वजा केला.
तीन आठवड्यांनी वही चाळताना दिसलं.
सतरा किलो.
दिवाणजी चष्मा पुसत म्हणाले,
"देवदान, ती कुठं विचारायला येतीय?"

खरं सांगतो, एक रात्र मलाही ते पटलं.
प्रार्थनेला गुडघे टेकले
तर ओठांवर शब्द येईनात,
आकडाच येत राहिला.

सकाळच्या एसटीनं बेडग.
पाकिटात पगारातले दोन हजार तीनशे ऐंशी.
गोदाक्का गोठ्यात, हातात शेणाची पाटी.
उभ्या उभ्या सगळं ऐकलं.
मी म्हणालो, "देवानं झोपू दिलं नाही, आक्का."
"देवाला कशाला मधी घालतोस? चूक कुणाची?"
"माझी."
"मग तसं बोल की."
हात धुतले, नोटा मोजल्या, दोनदा.
"सतरा रुपये कमी हायत."

भाव चौदा हजार नव्हता,
चौदा हजार एकशे होता.
तिला पाठ होता.
बत्तीस वर्षांच्या इमानदार माणसाला नव्हता.

परतीच्या भाड्यातून सतरा रुपये काढून दिले.
तिनं आभार मानले नाहीत. का मानावेत?
तांब्याभर ताक दिलं, मीठ जरा जास्त.
"पी, आन जा. ऊन व्हायच्या आत."
उरलेल्या पैशात निम्मी वाट एसटी,
निम्मी पायी. मिरजेचं स्टँड दिसेपर्यंत
डोक्यात एकच हिशोब:
बारदानाचं वजन मालात धरायचं नसतं,
हे पोऱ्यालाही कळतं.
मी इतकी वर्षं स्वतःला
बारदानासकट तोलत होतो.

रविवारी पाळकांनी सवयीनं माझ्याकडं पाहिलं.
उभा राहिलो.
"सतरा पोत्यांत चुकलो. परत द्यायला गेलो,
तिथंही सतरा रुपये कमी पडले."
आणि बसलो.
सुलभा त्या दिवशी खाली बघत नव्हती.

दिवाणजी अजून चिडवतात, "काय साधू!"
मी हसतो, पुढचं पोतं घेतो.
आकड्याशेजारी आता 'निव्वळ' लिहितो,
पेन दोनदा फिरवून, ठळक.
स्वतःच्या नावाशेजारी लिहायला
हात धजत नाही.