किमान वेळ

फळा वर सरकवला की आपोआप खाली येतोय,
म्हणून विद्यापीठातून फोन. दोन नट झिजलेत म्हणाले.
उद्यमनगरातनं डबा घेऊन पोचलो तर आत व्याख्यान सुरू.
शिपाई म्हणाला, मामा, मागच्या बाकावर बसा,
तासाभरात उरकतंय.

बाई चाळिशीच्या. डॉ. सुनीती मगदूम.
मूळच्या रुकडीच्या, आता कुठं लांब बर्फात असतात.
एका हातानं घसरता फळा वर धरून
दुसऱ्या हातानं लिहीत होत्या:
समजा, एन नट आहेत आणि एन बोल्ट.

मी डबा मांडीवर घेतला. घट्ट.

सगळ्यांची मापं वेगळी, डोळ्याला न कळणारी.
प्रत्येकाला जोड आहे, एकच.
नटाला नट लावून बघायचा नाही,
बोल्टाशेजारी बोल्ट धरायचा नाही.
फिरवून बघायचं फक्त: सैल, घट्ट, की बसला.
अंगठा चालेल काय, अगदी तोंडावर आलं होतं.
त्या स्वतःच म्हणाल्या, स्पर्शानं ओळखायचं नाही.

मग, चिठ्ठी टाकल्यागत कुठलाही एक बोल्ट उचला.
सगळे नट त्याच्यावर फिरवा. लहान इकडं, मोठे तिकडं.
जो बसला, त्या नटात उरलेले बोल्ट फिरवा.
झाले दोन ढीग. आता प्रत्येक ढिगाला हेच.
हे तर आमचा अस्लम मुजावर करतो की,
शनिवारी भंगाराची पाटी ओतली की,
ओठात काडी धरून.
त्याला कुणी फळ्यावर शिकवलं न्हाई.

पोरं वहीत उतरून घेत होती. एकजण झोपला होता.
खिडकीबाहेर मोर ओरडला, तरी उठला नाही.

पुढचं मला निम्मं कळलं नाही.
एक झाड काढलं त्यांनी, उलटं, मूळ वर,
प्रत्येक फाट्यावर तीन वाटा,
आणि खाली पानं इतकी की फळा संपला.
मग खडू ठेवून म्हणाल्या,
याच्यापेक्षा लवकर हे काम होणारच नाही.
कितीही हुशार माणूस आणा, कसलंही यंत्र आणा.
हे सिद्ध झालंय.

सिद्ध झालंय.

त्या साली पुराचं पाणी शाहूपुरीतल्या गोदामात शिरलं,
खोकी फुगून फुटली, चार हजार जोड्या
एकाच चिखलात.
मी आणि अस्लम, तीन रात्री, रॉकेलच्या बादलीत हात.
चौथ्या दिवशी इंगवले शेठ, दारातूनच:
एवढा वेळ? झोपा काढता काय दोघं मिळून?
मी खाली मान घातली होती.
आता बाकावर बसून आकडा मांडला,
चार हजार गुणिले बारा,
डब्याच्या झाकणावर, ग्रीसमध्ये, नखानं.
अठ्ठेचाळीस हजार. ढोबळ.
शेठ वारले गेल्या श्रावणात.
सांगायचं कुणाला?

कुणाला काही शंका, बाईंनी विचारलं.
माझा हात वर गेला. सगळी पोरं वळली.
म्हटलं, बाई, आणि जोडच वाहून गेली असली तर?

त्या लगेच बोलल्या नाहीत.
हात सुटला त्यांचा, फळा सावकाश खाली आला
झाडासकट.
ते आम्ही गृहीत धरलंय, म्हणाल्या. प्रत्येकाला जोड आहे असं.
मग हसल्या, पण पुरतं नाही:
ते धरलं नाही तर गणितच वेगळं.

चहा झाला. खोली रिकामी झाली.
फळ्यामागं वाकलो. दोन नट खरंच गुळगुळीत.
डब्यात दोन-अडीचशे, पुरातनं उरलेले, बिनजोडीचे.
अस्लमचा फोन: कुठं हाईस? किती वेळ?
लागतोय तेवढा, म्हटलं.
मग डोळे मिटून डब्यात हात घातला,
अंगठा फिरवला,
एक उचलला. दुसरा उचलला.
दोन्ही बसले, पहिल्याच फेऱ्याला.
बघायला कुणी नव्हतं.

फळा वर सरकवला. थांबला.
झाड कुणी पुसलं नव्हतं.
मीही नाही.