उठताना

डॉक्टर हिएतालांनी त्याला एका फळीवर झोपवलं,
छातीवर, मांड्यांवर पट्टे आवळले
आणि फळी हळूहळू उभी केली.
आडवा असताना एकशे अडुसष्ट.
उभा केल्यावर, तिसऱ्या मिनिटाला, ब्याऐंशी.
"आणि ठोके बघा," त्या म्हणाल्या, "जागचे हललेले नाहीत."
बाहेर कुणी दारावर धडका देतंय
आणि घरातला माणूस पेपर वाचत बसलाय, तसं.

एकेचाळीस वर्षं संसार केला मी टौनोशी.
त्याच्या आत आणखी कुणी राबतंय
हे त्या दिवशी कळलं.
खुर्चीतून उठला की रक्त वर ढकलणारं,
न सांगता घाम आणणारं,
जेवण पुढे सरकवणारं.
आता ते काम सोडून चाललंय,
निरोप न घेता, एकेका खोलीतला दिवा मालवत.

कंपवात म्हटला की शेजारची ऐला
हाताबद्दल विचारते.
हाताचं काय घेऊन बसलीस, बाई.
कप सांडतो, पुसता येतो.

तरुणपणी हा ओंडके न्यायचा नदीतून,
तरंगत्या लाकडावर उभा राहून,
हातात आकडी लावलेली लांब काठी.
पायाखालचं लाकूड गरगर फिरायचं.
पडायचाही. अकरा वेळा, तोच सांगतो,
त्यातला नऊ वेळा शुद्धीत.
पण पाणी झेलतं. स्वयंपाकघरातली फरशी नाही.

फेब्रुवारीत फ्रिजपाशी.
मार्चमध्ये पत्रपेटीपाशी, तोंडावर, बर्फात.
एप्रिलमध्ये बटाटे खाऊन उठला तेव्हा.
ठेच लागली नाही, पाय घसरला नाही.
आधी मानेत, खांद्यांत कळ येते
हँगरच्या आकाराची,
मग रंग जातात, पडद्याचा लाल सगळ्यात आधी,
मग तो "लेम्पी" म्हणायला लागतो
आणि माझ्या नावाच्या मध्येच खाली असतो.

रात्री स्वप्नं पडतात त्याला.
झोपेत लाथा मारतो, ओरडतो,
माझ्या नडगीवर निळे डाग आहेत.
नदीच असते, म्हणतो, लाकडं तुंबलेली.
स्वप्नात तो पडत नाही.

आता पलंगाच्या उशाखाली विटा,
जुन्या चुलीच्या, मीच आणून लावल्या.
उठायच्या आधी दोन पेले गार पाणी.
कमरेपर्यंत घट्ट मोजे, जे चढवताना
आम्ही दोघंही धापा टाकतो.
आणि मीठ!
तीस वर्षं याच्या ताटातलं मीठ मी लपवलं,
आता खारवलेले मासे स्वतःहून वाढते.
त्याला फार हसू येतं याचं.
पाहुण्यांची उठबस जन्मभर केली मी,
ह्या शब्दात खरंच उठणं आहे, बसणं आहे
हे आत्ता लक्षात आलं.

काठावर बसून साठपर्यंत मोजायचं, मुठी आवळून.
आकड्यांचा कंटाळा येतो त्याला,
म्हणून नदीवरच्या शिव्या म्हणतो, सावकाश.
बारा शिव्या म्हणजे एक मिनिट.
मी घड्याळ लावून पाहिलंय.

सौना बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं.
गरमीने रक्तवाहिन्या सैल पडतात.
आमच्याकडे एखाद्याला हे सांगणं म्हणजे...
असो.
शनिवारी मी एकटीच आत बसते, दार किलकिलं ठेवून.
तो बाहेर बाकावर, कोट घालून.
दगडांवर पाणी टाकलं की चर्र ऐकतो.
"आणखी एक," म्हणतो.
मी टाकते. फटीतून वाफ त्याच्या बाजूला जाते,
ती मी मोजत नाही, डॉक्टरांना सांगतही नाही.

मग अंग पुसून बाहेर येते.
"उठू?"
"पाणी पी आधी."
तो पितो. शिव्या सुरू होतात.
सातवीपाशी थांबतो, तळ्याकडे बघत राहतो.
विसरलास का? विचारते.
"नाही. ही जरा चांगली आहे."

त्याच्या पट्ट्यात मी दोन बोटं अडकवते.
धरून ठेवायला नाही,
तीस किलो जड आहे माझ्याहून.
पडलाच तर दोघं पडू,
तळ्याच्या बाजूला.
तिथलं गवत ह्या वर्षी मी कापलेलं नाही.